चामराजनगर ते कॉपरबेल्ट, व्हाया बंगळुरू

कर्नाटकाच्या अगदी दक्षिणेला, तमिळनाडू आणि केरळ यांच्या सीमांना खेटून, चामराजनगर नावाचा जिल्हा आहे. या शतकाच्या सुरुवातीला इस्रोनं तिथलं जिल्हा रुग्णालय उपग्रहामार्फत बंगळुरूच्या नारायण हृदयालयाशी जोडलं. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी बंगळुरूतले हृदयरोगतज्ज्ञ बसल्या जागी पाहू लागले, त्याच्याशी बोलू लागले. रस्त्यानं हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आतलं. पण संकेत रस्त्यानं जात नव्हता. तो आधी ३६,००० किलोमीटर वर उपग्रहापर्यंत चढायचा आणि तेवढाच खाली उतरायचा. "दुखतंय कुठं?" एवढा साधा प्रश्न पृथ्वीच्या परिघाच्या पावणेदोन पट वाट तुडवून त्याच राज्यातल्या दुसऱ्या गावी पोचायचा, आणि याला वेळ लागायचा पाव सेकंद. उत्तर परत यायला आणखी पाव सेकंद. बोलण्यात तो अर्ध्या सेकंदाचा खड्डा जाणवायचा, म्हणून डॉक्टर थांबून थांबून बोलायचे.

इतकं सरळ काम करायला इतका लांबचा फेरा घ्यावा, हे गणित मला अजूनही पुरतं पचलेलं नाही. पण एकदा संकेत ३६,००० किलोमीटर वर गेलाच, की तो खाली कुठं उतरवायचा हे आपल्या हातात असतं. चामराजनगर काय आणि सेनेगल काय, उपग्रहाला फारसा फरक पडत नाही.

हे ओळखलं ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी. २००४ च्या सप्टेंबरात राष्ट्रपती म्हणून दक्षिण आफ्रिकेत पॅन-आफ्रिकन संसदेसमोर बोलताना त्यांनी आफ्रिकन संघातले सगळे देश, तेव्हाचे ५३, उपग्रह आणि फायबरच्या एकाच जाळ्यानं भारतातल्या विद्यापीठांशी आणि रुग्णालयांशी जोडायची कल्पना मांडली. २६ फेब्रुवारी २००९ ला 'पॅन-आफ्रिकन ई-नेटवर्क'च्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं. त्याचं मुख्य भूस्थानक सेनेगलच्या राजधानीत, डाकारला. पुढच्या वर्षी दुसरा टप्पा सुरू करून दिला तो परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा यांनी. हेच कृष्णा चामराजनगरला डिश बसली तेव्हा कर्नाटकाचे मुख्यमंत्री होते. २०१९ मध्ये या जाळ्याची जागा साध्या इंटरनेटवर चालणाऱ्या 'ई-विद्याभारती' आणि 'ई-आरोग्यभारती' या योजनांनी घेतली. त्यात पंधरा हजार शिष्यवृत्त्या आणि आफ्रिकेतल्या एक हजार डॉक्टर-परिचारिकांचं मोफत प्रशिक्षण होतं.

म्हणजे तार पोचली. इथवरची गोष्ट अभियंत्यांची आहे आणि ती झकास आहे. पुढची गोष्ट अवघड आहे, कारण तिच्यात माणसाचं शरीर येतं.

कोविडच्या काळात घरोघरी पोचलेला ऑक्सिमीटर आठवा. बोटाला चिमटा लावायचा, आकडा पाहायचा. आत चालतं ते असं: एक लाल प्रकाश, ६६० नॅनोमीटरचा, आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, ९४० नॅनोमीटरचा, बोटातून आरपार पाठवला जातो. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात गिळतात. अडचण अशी, की बोटात फक्त रक्त नसतं. कातडी असते, हाड असतं, नख असतं, आणि तेही प्रकाश गिळतात. १९७० च्या दशकात ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याला तोड सापडली. प्रत्येक ठोक्यासरशी जेवढा प्रकाश कमीजास्त होतो तेवढाच मोजायचा आणि स्थिर राहणारा सगळा भाग वजा करायचा. धडधडतं ते रक्त, बाकीचं सोडून द्या. इतकी सुंदर युक्ती मी वैद्यकात दुसरी पाहिलेली नाही.

आणि तरी ती पूर्ण नाही. डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांचा एक छोटा लेख आला. त्यांनी ऑक्सिमीटरचा आकडा आणि धमनीतल्या रक्ताची तपासणी शेजारी शेजारी ठेवली. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातलं खरं प्रमाण ८८ च्या खाली गेलेलं, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा आढळलं आणि काळ्या रुग्णांत ११.७ टक्के वेळा. तिपटीहून जास्त. यंत्र बिघडलेलं नव्हतं. गडद त्वचेतलं मेलॅनिन हिशेबात नीट धरलं गेलं नव्हतं, एवढंच. अशी शंका १९९० च्या एका शोधनिबंधातही व्यक्त झाली होती. मधली तीस वर्षं कुणी ती फारशी मनावर घेतली नाही. ज्यांच्या बोटांवर ही चूक होत होती, त्यांच्यापैकी किती जणांकडे ती मोजायला प्रयोगशाळा, पैसा आणि मोकळा वेळ होता?

हाच प्रश्न डोळ्याच्या बाबतीत आणखी गमतीदार होतो.

२०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी 'जामा' या नियतकालिकात दाखवलं, की मधुमेहानं डोळ्याच्या पडद्यावर होणारी इजा संगणक नेत्रतज्ज्ञांच्या तोडीनं ओळखू शकतो. त्याला शिकवायला १,२८,१७५ छायाचित्रं वापरली होती. त्यांतली काही अमेरिकेतली, बाकीची तीन भारतीय नेत्ररुग्णालयांची: अरविंद, शंकर नेत्रालय आणि बंगळुरूचं नारायण नेत्रालय. ५४ डॉक्टरांनी प्रत्येक चित्र तीन ते सात वेळा तपासून श्रेणी दिली. पण रक्तस्राव कसा दिसतो, सूज कशी दिसते, हे त्या यंत्रणेला कुणीही सांगितलं नाही. चित्र दाखवलं, श्रेणी सांगितली, चुकली तर आकडेमोड थोडी सरकवली. लाखभर वेळा हे झालं आणि तिला 'नजर' आली.

दोन वर्षांनी त्याच कंपनीच्या गटानं आणखी एक गोष्ट छापली. पडद्याच्या चित्रावरून ते डोळे पुरुषाचे की स्त्रीचे, हेही यंत्रणा बहुतेक वेळा अचूक सांगू लागली होती. नेत्रतज्ज्ञांना हे येत नाही. दीडशे वर्षांहून जास्त काळ डॉक्टर डोळ्यात डोकावताहेत आणि कुणालाही हा भेद दिसलेला नाही. मला ही बातमी वाचून आनंद झाला आणि लगोलग धास्तीही वाटली. आपल्याला न दिसणारं यंत्राला दिसत असेल, तर आपल्याला न कळणारी चूकही ते शिकलेलं असू शकतं. पडद्याचा रंग माणसागणिक वेगळा असतो, गडद वर्णाच्या माणसांत त्यात रंगद्रव्य जास्त असतं. एका मुलखातल्या डोळ्यांवर शिकलेली नजर दुसऱ्या मुलखात चालेल का, हे तिथं जाऊन तपासल्याशिवाय कळत नाही.

२०१९ मध्ये असे दोन निकाल आले. पहिला आपल्या मुंबईचा. रेमिडिओ या बंगळुरूच्या कंपनीनं मोबाइल फोनला जोडायचा पडदा-कॅमेरा बनवला आहे आणि त्याची ओळखयंत्रणा इंटरनेटशिवाय फोनमध्येच चालते. महापालिकेच्या दवाखान्यांत दोनशेहून थोड्या जास्त मधुमेही रुग्णांवर ती वापरून पाहिली. तज्ज्ञाकडे धाडायलाच हवा असा एकही रुग्ण तिच्या नजरेतून सुटला नाही, मात्र काही धडधाकट डोळेही तिनं उगाच पुढं पाठवले. दुसरा निकाल झांबियाचा. सिंगापूरमधल्या चिनी, मलाय आणि भारतीय डोळ्यांवर शिकलेली यंत्रणा तांब्याच्या खाणींच्या कॉपरबेल्ट प्रांतात दीड हजारांहून जास्त मधुमेहींवर तपासली गेली. तज्ज्ञाकडे धाडायची गरज असलेल्या दर शंभरांतले साधारण ९२ तिनं बरोबर पकडले. म्हणजे चालली. पण 'चालली' हे म्हणायला झांबियात कुणीतरी कॅमेरे फिरवले, चित्रं जमवली, तज्ज्ञांकडून श्रेणी घेतल्या, आकडे जुळवले. त्या 'कुणीतरी'साठी हा लेख.

बंगळुरूतलंच एक उदाहरण घेऊ, कारण त्यातून हे काम म्हणजे नेमकं काय ते दिसतं.

गर्भातल्या बाळाच्या डोळ्यात रक्तवाहिन्या पडद्याच्या मध्याजवळून उगवतात आणि आठवड्यागणिक कडेकडे सरकत जातात. पूर्ण दिवस भरेपर्यंत त्या काठाला पोचतात. बाळ आधीच जन्मलं, काचेच्या पेटीत ऑक्सिजनवर ठेवावं लागलं, तर ही वाढ वाट चुकते. वाहिन्या वेड्यावाकड्या फुटतात, पडदा ओढला जातो आणि बाळ जन्मभरासाठी आंधळं होऊ शकतं. या आजाराचं नाव रेटिनोपथी ऑफ प्रिमॅच्युरिटी. वेळेत सापडला तर लेझरनं थोपवता येतो, पण हातात दोन-तीन दिवसच असतात. तालुक्याच्या गावी नवजात अतिदक्षता कक्ष उभे राहिले, बाळं वाचू लागली, पण हा आजार ओळखणारे नेत्रतज्ज्ञ शहरातच.

२००८ मध्ये नारायण नेत्रालयातले डॉ. आनंद विनेकर यांच्या पुढाकारानं 'किड्रॉप' हा उपक्रम सुरू झाला. डॉक्टर नसलेल्या तंत्रज्ञांना शिकवलं, कॅमेरा गाडीत घातला आणि गाडी कर्नाटकातल्या गावोगावच्या कक्षांत ठरलेल्या वारी फिरू लागली. तंत्रज्ञ बाळाच्या डोळ्याचं चित्र घेतो, जागेवरच लाल, नारिंगी किंवा हिरवा असा शेरा देतो, आणि बंगळुरूतला तज्ज्ञ फोनवर ते चित्र पाहून निर्णय कळवतो. मुठीएवढं डोकं, मटाराएवढा डोळा, आणि त्यात डोकावणारा माणूस एमबीबीएसही नाही! सुरुवातीला यावर भुवया उंचावल्या असतील तर नवल नाही.

पण या कामात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो कॅमेरा नाही. एक आकडा आहे. अमेरिकेत ही तपासणी प्रामुख्यानं दीड किलोपर्यंतच्या किंवा तीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांची करतात. भारतात तो नियम जसाच्या तसा वापरला तर कितीतरी बाळं चाळणीतून गळतील, कारण इथं पावणेदोन किलोच्या बाळालाही हा आजार होतो. ऑक्सिजन किती दिला, तो मोजून दिला का, जंतुसंसर्ग झाला का, यावर ते ठरतं. म्हणून भारतातली रेषा दोन किलो किंवा चौतीस आठवडे अशी आखली आहे. मग नायजेरियातली रेषा कुठं? टांझानियातली? सहाराच्या दक्षिणेकडेही आता असेच कक्ष उभे राहताहेत, बाळं वाचताहेत, आणि त्यामागून हा आजार येतो आहे. हा आकडा कुठल्याही यंत्राबरोबर खोक्यातून येत नाही. तिथल्या कुणीतरी तिथल्या बाळांच्या नोंदी तीन-चार वर्षं जमवून, एकेक बाळाचा पाठपुरावा करून तो काढावा लागतो.

तीन-चार वर्षं एकाच प्रश्नामागं लागायची मुभा, म्हणजेच डॉक्टरेट. आणि त्या वर्षांत घरभाडं कोण भरणार, याचं उत्तर म्हणजे फेलोशिप. सन्मानपत्रासारखं तिच्याकडे पाहणारे पुष्कळ असतात. प्रत्यक्षात तिचा मुख्य उपयोग किराणा भरायला होतो. कंपालाच्या किंवा अक्राच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या तरुण डॉक्टरला पगार पुरत नाही म्हणून संध्याकाळी खाजगी दवाखाना करावा लागत असेल, तर बाळांच्या नोंदी तो कधी लिहिणार?

भारताची या बाबतीतली एक योजना बंगळुरूशी भलत्याच वाटेनं जोडलेली आहे. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं आफ्रिकी संशोधकांसाठी 'सी. व्ही. रामन आंतरराष्ट्रीय फेलोशिप' सुरू केली आणि तिचं कामकाज उद्योगांच्या 'फिक्की' या महासंघाकडे दिलं. पीएच.डी. झालेल्यांना सहा महिने, पाहुण्या संशोधकांना तीन महिने, ज्येष्ठांना एक महिना, भारतातल्या प्रयोगशाळेत येऊन काम करायचं. रामन १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले आणि १९७० मध्ये बंगळुरूतच वारले. त्यांचं नाव निघालं की आपण प्रकाशाच्या विखुरण्यापाशी थांबतो. पण आयुष्याच्या अखेरच्या दशकात हा माणूस मानवी डोळ्यामागं लागला होता. १९६८ मध्ये त्यांचं दृष्टीच्या शरीरशास्त्रावरचं पुस्तक आलं. उजळ पडद्याकडे रंगीत काचेतून बघत राहायचं आणि काच झटक्यात बाजूला करायची, म्हणजे समोर स्वतःच्याच डोळ्याच्या पडद्याची भलीमोठी प्रतिमा दिसते, असा प्रयोग त्यांनी मांडला होता. त्यांचे या विषयातले सिद्धांत शास्त्रज्ञांनी फारसे स्वीकारले नाहीत. ते असो. फोनवर डोळ्याचा पडदा पाहणारं शहर आणि स्वतःचा पडदा भिंतीवर पाहू बघणारा म्हातारा रामन एकाच गावचे निघावेत, याची मला भारी गंमत वाटते.

सहा महिने पुरतात का? प्रयोगशाळेतलं एखादं तंत्र शिकायला पुरतात. डिजिटल आरोग्याला नाही पुरत, असं माझं मत. इथं माल कच्चा नसतो, माणसांच्या नोंदी असतात. त्यांना हात लावण्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, रुग्णालयाशी करार लागतो, नावं-पत्ते काढून टाकावे लागतात. परक्या देशात पहिले दोन महिने बँक खातं आणि राहायची खोली यांतच जातात. कागद हलेपर्यंत परतीचं तिकीट हातात येतं. पूर्ण पीएच.डी.साठी येणाऱ्यांची वाट वेगळी असते, बहुधा भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या (आयसीसीआर) शिष्यवृत्तीची. २०१५ मध्ये दिल्लीत भरलेल्या भारत-आफ्रिका शिखर परिषदेत पाच वर्षांत पन्नास हजार शिष्यवृत्त्यांची घोषणा झाली होती. आफ्रिकेनं स्वतः उभारलेली एक रचना मला यांपेक्षा शहाणी वाटते. २००८ पासून नैरोबीच्या एपीएचआरसी या संस्थेच्या आणि जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठाच्या पुढाकारानं 'कार्टा' नावाचा विद्यापीठांचा गट चालतो. त्यातला डॉक्टरेटचा फेलो आपल्याच विद्यापीठाचा नोकर राहतो, तिथंच पीएच.डी. करतो, आणि ठरावीक काळानं साऱ्या देशांतले फेलो एकत्र बसून शिकतात. पदवी मिळाली की परत कुठं जायचं, हा प्रश्नच उरत नाही.

पण फेलोशिपच्या पैशातून काय उभं राहू शकतं, याची सगळ्यांत मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती भारतातून जाते.

१९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट संपली. मागं राहिलेली आरोग्यव्यवस्था वर्णावर्णांत चिरलेली होती: गोऱ्यांचं खातं वेगळं, काळ्यांच्या 'होमलँड'ची खाती वेगळी, प्रत्येकाचे तक्ते वेगळे. देशात किती बाळांना गोवराची लस मिळाली, याचं एक उत्तर कुणाकडेच नव्हतं. केप टाऊनमध्ये तिथले कार्यकर्ते आणि नॉर्वेतून आलेले काही संशोधक, त्यांत योर्न ब्रा, यांनी मोजक्याच आकड्यांचा एक सामायिक तक्ता ठरवला आणि तो भरायला मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसवर एक साधी आज्ञावली लिहिली. तिचं नाव डीएचआयएस. दवाखान्यानं आपले आकडे फक्त वर पाठवू नयेत, स्वतः पाहावेत आणि वापरावेत, हा तिच्यामागचा हट्ट. उपकेंद्रातल्या ज्या एएनएम ताईंनी आयुष्यभर रकाने भरून वर धाडले आणि त्यांचं पुढं काय झालं ते कधीच ऐकलं नाही, त्यांना या हट्टाचं मोल लगेच कळेल.

केप टाऊनहून हे काम मोझांबिकला गेलं. (१७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार पोर्तुगीज आपल्या गोव्यातून हाकत होते. आकडे गोळा करण्याची हौस तिथल्या कचेऱ्यांना तेव्हापासूनची असणार, अशी माझी आपली खाजगी समजूत.) तिथं अडचण निराळी होती: भाषा पोर्तुगीज, गावात वीज नाही, संगणक दुरुस्त करणारा माणूस नाही. मापुतोच्या एदुआर्दो मोंडलाने विद्यापीठातल्या तरुण शिक्षकांना ओस्लो विद्यापीठात पीएच.डी.साठी घेतलं गेलं. त्यांचा प्रबंधाचा विषय काय? आपल्याच देशातली ही आज्ञावली का चालत नाही, आणि कशी चालेल. पाठोपाठ इथिओपिया, मलावी, टांझानिया इथले विद्यार्थी आले. भारतातलेही आले. ओस्लोतले त्यांचे एक मार्गदर्शक संदीप सहाय, हेही भारतीय. २००४ मध्ये ब्रा, सहाय आणि एरिक माँटेरो या तिघांनी या सगळ्या खटाटोपाचा अर्थ सांगणारा एक निबंध लिहिला. एकेकटी गावं प्रयोग करून विझून जातात, पण ती एकमेकांना जोडली तर शिकलेलं टिकतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग आज्ञावली नव्यानं, इंटरनेटवर चालेल अशी लिहायला घेतली. डीएचआयएस-२ असं तिचं नाव, आणि ती जगात पहिल्यांदा प्रत्यक्ष वापरली गेली ती २००६ मध्ये, केरळात. केरळातल्या दवाखान्यांनी दाखवलेल्या उणिवा दुरुस्त होत होत ती पुन्हा आफ्रिकेत परतली. सप्टेंबर २०११ मध्ये केनियानं सगळ्या देशाची आरोग्यनोंदणी तिच्यावर नेली. आज सत्तरहून जास्त देश ती वापरतात, आणि परवान्याचा एक रुपया कुणाला द्यावा लागत नाही. कंपाला, दार-ए-सलाम, दिल्ली, कोलंबो अशा ठिकाणी तिला सांभाळणारे गट आहेत, आणि त्यांतले कितीतरी जण याच विषयात पीएच.डी. झालेले. मला विचाराल तर इतकी मोठी सार्वजनिक इमारत प्रबंधांच्या विटांनी बांधल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

बंगळुरूनं या बांधकामाला अलीकडे दोन खांब जोडले आहेत. आयआयआयटी-बंगळुरूत २०१८ मध्ये सुरू झालेली 'मोसिप' ही मुक्त ओळखप्रणाली इथिओपियानं आणि मोरोक्कोनं आपल्या राष्ट्रीय ओळखपत्रासाठी घेतली. याच शहरातल्या ई-गव्ह फाउंडेशनची यंत्रणा मोझांबिकमध्ये मलेरियाच्या मच्छरदाण्या वाटायला वापरली गेली. कुठल्या घरात किती माणसं, किती जाळ्या, हे फोनवर नोंदवत जायचं. दोन्ही कामं मोठी आहेत. पण त्यांच्यावर टीका करू शकेल, 'हे आमच्याकडे असं नाही चालणार' असं पुराव्यानिशी सांगू शकेल, असा तिथला संशोधक जोडीला नसेल, तर ती नुसतीच विकत न घेतलेली आयात ठरेल.

आणि शिकवण एकाच दिशेनं वाहते असं समजू नये. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार इथल्या आदिवासी कुटुंबांना सिकलसेल हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. रक्तातली तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते, बारीक वाहिन्यांत अडकते, आणि असह्य कळा येतात. भारतात हा दोष पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये नोंदवला गेला. त्यामागचा जनुकीय बदल सगळीकडे एकच, एका अक्षराचा. पण त्याच्या अवतीभवतीच्या जनुकांची ठेवण पाहिली की पाच मुख्य घराणी दिसतात: सेनेगल, बेनिन, बांटू, कॅमेरून आणि अरब-भारतीय. आपल्याकडच्या घराण्यात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त टिकतं, म्हणून आजार सौम्य असतो असं पुस्तकं सांगतात. विदर्भातल्या बऱ्याच रुग्णांना तो सौम्य मुळीच वाटत नाही. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गरीब, मलेरियाग्रस्त मुलखातल्या मुलांना सुरक्षितपणे देता येतं, हा मोठा पुरावा अँगोला, काँगो, केनिया आणि युगांडातल्या मुलांच्या चाचणीनं २०१९ च्या सुमारास दिला. भारतानं १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू करून सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं, तेव्हा या विषयाचा मोठा अनुभव आफ्रिकेतल्या डॉक्टरांकडे होता.

रक्ताच्या थेंबाच्या चित्रावरून विळ्याच्या पेशी ओळखणारी यंत्रणा करायची तर दोन्हीकडची चित्रं हवीत. ती सहजासहजी देशाबाहेर जाऊ शकत नाहीत. केनियाचा विदासंरक्षण कायदा २०१९ चा, आपला २०२३ चा, आणि कायदा नसता तरी कुणाच्या आजाराची नोंद परक्या संगणकावर का जावी? यावर संगणकशास्त्रज्ञांनी काढलेली वाट 'फेडरेटेड लर्निंग' म्हणून ओळखली जाते. तिच्यात चित्रं जागची हलत नाहीत, शिकणारी यंत्रणाच फिरते. ती नागपूरच्या रुग्णालयातल्या संगणकावर जाते, तिथल्या चित्रांवर शिकते, आणि परत येताना फक्त आपल्या आत सरकलेले आकडे घेऊन येते. मग कंपालाला जाते. घरोघरच्या सुगरणींकडून हात शिकून यावा, पण कुणाच्याही घरचा मसाल्याचा डबा उचलून आणू नये, अशा आचाऱ्यासारखी. रुग्णाचं चित्र रुग्णालयाबाहेर जात नाही आणि तरी दोन्ही खंडांतल्या रुग्णांचा अनुभव तिच्यात एकत्र येतो.

ऐकायला जादू वाटते. तपशिलात मात्र ती पुन्हा माणसापाशी येऊन थांबते. नागपुरात ज्या पेशीला 'विळा' म्हटलं, तिला कंपालाच्या तंत्रज्ञानं 'लांबट' म्हटलं असेल तर सरकलेले आकडे एकमेकांशी भांडतात. काचपट्टी रंगवायचं रसायन वेगळं असेल तर यंत्रणा आजाराऐवजी रंग शिकते. भरतीला आलेल्या मुलांतलीच चित्रं घेतली तर घरी बसून कळा सोसणारी मुलं तिच्या जगात नसतातच. म्हणून दोन्हीकडचा एकेक माणूस काही महिने एकाच टेबलाशी बसून त्याच शंभर काचपट्ट्या पाहतो, मतभेद लिहून काढतो, आणि कुठल्या पेशीला काय म्हणायचं याची यादी ठरवतो. अशा यादीला कुणी पारितोषिक देत नाही, नामांकित नियतकालिकही ती छापत नाही. पण प्रबंधात ती परिशिष्ट म्हणून जाते, आणि पुढचा विद्यार्थी तिच्यापासून सुरुवात करतो.